मापात अंगठा

मंगळवारी संध्याकाळी आम्ही सहाजण
ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीक शिकतो.
आवळे सर फळ्यावर लिहितात: मेत्रेओ.
मी मापतो, किंवा मी मापते.
या रूपाला बाई-बाप्या कळत नाही.
खाली पंचगंगा, घाटाच्या पायऱ्या उघड्या टाकून
खूप आत गेलेली.

शब्द ओळखीचा वाटला,
लांबच्या लग्नात भेटलेल्या चुलत्यासारखा.
मात्रा याच्याच घरातली,
अक्षराच्या डोक्यावरची, वैद्याच्या पुडीतली.
रिक्षाचा मीटरही याचाच,
जो आमच्या गल्लीपर्यंत यायला कुणी टाकत नाही.

माझा बाप मापाडी. लक्ष्मीपुरीत, धान्याच्या पेठेत.
कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली:
ही माझी पहिली बाराखडी.
एक म्हणायचा नाही तो.
पहिल्या मापाला लाभ, मग दोन, मग तीन,
सुरात, डोळे मिटून,
की वाटावं प्रार्थनाच चाललीय.

सर सांगतात, धान्याला हेच क्रियापद,
नगराच्या भिंतीला हेच,
आणि माणसानं माणसाला जोखायलाही हेच.
काही लोक तर स्वतःला स्वतःनंच मापतात.
“आपलीच काठी, आपलीच उंची,” सर हसतात,
“उत्तर बरोबर येणारच.”

मग कर्मणी. मेत्रेथेसेताइ. मापलं जाईल.
मी हात वर केला: कोण मापणार?
सर बोटांचा खडू झटकत म्हणाले,
कर्ता लिहिलेला नाही. आदरानं वगळतात.
मला आई आठवली.
तीही बापाचं नाव घेत नसे,
नुसतं म्हणायची, यायची वेळ झाली.

बापाचा अंगठा मला ठाऊक होता.
शेटसाठी घेताना माप दाबून, हलवून,
कडेला ओंजळ धरून शिगोशीग, सांडेपर्यंत.
गिऱ्हाइकाला देताना अंगठा आत.
शेराला अंगठाभर. दिवसाला किती शेर?
चौथीत होते, त्रैराशिक येत होतं.
मांडलं नाही.
“अंगठा माझा हाय पोरी, माप शेटचं,”
एवढंच बोलला एकदा, पाय धुता धुता.
फीचे पैसे त्याच हातानं मोजून दिले.

शेवटचे नऊ दिवस त्याचं सगळं मापात:
सलाइनचे थेंब, पिशवीतली लघवी,
काखेतला पारा.
मग इम्मानुएल मेस्त्री टेप घेऊन आला.
डोक्यापासून टाचेपर्यंत ओढला. पाच फूट तीन.
पेन्सिल कानावर खोचून म्हणाला,
“चार बोटं जास्त धरतो.”
कशाला?
“अडचण नको व्हायला म्हाताऱ्याला.”
जादा फळीचे पैसे त्यानं लावले नाहीत.

मेस्त्रीची आई तांदूळ लक्ष्मीपुरीतूनच न्यायची,
कडेवर हा, पदराला गाठ.
त्याला माहीत होतं का,
मी अजून विचारलेलं नाही.
रविवारी दिसतो, पुढच्या बाकावर.
मी त्याच्या हातांकडे बघते.

वर्ग सुटतो. पुढच्या मंगळवारी, सर म्हणतात,
वेताची काठी हातात देतात आणि सांगतात मंदिर माप,
बाहेरचं अंगण मात्र सोड.
का सोड? ते पुढच्या वेळी.

घरी येऊन रूपं गिरवते.
मेत्रो, मेत्रेइस, मेत्रेइ.
मी, तू, आणि तो जो कुणी असेल.
पेन धरायला अंगठा लागतोच.
बापाचाच आहे, आखूड, रुंद नखाचा.
या ओळींतही तो कुठंतरी आत असणार.
घेताना मोजून घ्या.